कॉफीच्या टेबलावरचे ऑफिस

सकाळचे साडेदहा वाजले की बंगळुरूच्या इंदिरानगर आणि कोरमंगला भागातल्या कॅफेंमध्ये एक मूक शर्यत सुरू होते. ती कॉफीसाठी नसते, भिंतीकडेच्या टेबलासाठी असते, कारण प्लग भिंतीत असतो. जागा मिळाली की पिशवीतून लॅपटॉप निघतो, कानात इअरफोन जातात, एक कॅपुचिनो मागवली जाते आणि ती पार थंड होईपर्यंत तिच्याकडे कुणी बघत नाही. शेजारच्या टेबलावरही तोच प्रकार!

डिसेंबर-जानेवारीत या मंडळींत पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांची भर पडते. उद्यान एक्स्प्रेसने यायचे, बहिणीकडे किंवा मित्राकडे पंधरा दिवस राहायचे, सुट्टी मोजकीच घ्यायची आणि उरलेले दिवस कॅफेत बसून पुण्याच्या ऑफिसचे काम करायचे. संध्याकाळी लालबाग, रविवारी म्हैसूर. बंगळुरूची थंडी तरी अशी काय असते? पहाटे एक स्वेटर, दुपारी छान ऊन. लॅपटॉप घेऊन बाहेर बसायला याहून चांगली हवा कुठे मिळणार!

पण हवा हे काही खरे कारण नव्हे. खरे कारण घरात आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि ऑफिस घरात शिरले. पुढे काही कंपन्यांनी माणसे परत बोलावली. टीसीएसने तर ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात येणे सक्तीचे केले. तरी आठवड्यातले काही दिवस घरून काम करणारे पुष्कळ आहेत. या शहरात दहा किलोमीटर जायला गर्दीच्या वेळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो, तेव्हा ही सवलत कुणाला नको असेल? मात्र घर म्हणजे दोन खोल्या. पीजीमध्ये राहणाऱ्या मुलामुलींच्या वाट्याला तर एक पलंग आणि एक कपाट. नवराबायको दोघेही घरून काम करणारे असले तर एकाची मीटिंग स्वयंपाकघरात, दुसऱ्याची गॅलरीत.

त्यातही बाईची गोष्ट वेगळी. नवरा दार लावून बसला की तो ‘कामात आहे’ आणि ती दार लावून बसली की ती ‘घरीच आहे’. सिलिंडरवाला आला, दार कोण उघडणार? जी घरीच आहे ती. मुलाची शाळेची बस, प्लंबर, सासूबाईंची दुपारची गोळी, शेजारणीने आणून दिलेले कुरिअर, सगळे तिच्या मीटिंगच्या मध्येच येते. कुणी दुष्ट नसते. समोर बसलेले माणूस कामावर आहे, हेच घराला दिसत नाही, इतकेच. तीच बाई साडेनऊला चप्पल घालून, पर्स घेऊन निघाली की चित्र पालटते. ती ‘कामाला गेली’ असते. मग सिलिंडरवाल्यासाठी दार दुसरे कुणीतरी उघडते आणि गोळीही वेळेवर दिली जाते. कॅफेत तिला जे मिळते ते खुर्ची-टेबल नव्हे, वायफायही नव्हे. तिला मिळतो तो घराचा उंबरठा ओलांडल्याचा पुरावा.

यात आपलेच काही विशेष आहे असेही नाही. युरोपात व्हिएन्नाची कॉफीहाउसे प्रसिद्ध आहेत. एका कॉफीवर तासन्‌तास वर्तमानपत्र वाचत बसण्याची तिथली रीत ऑस्ट्रियाने २०११ मध्ये आपल्या राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. घरची खोली लहान आणि हिवाळ्यात गारठलेली, कॉफीहाउस मात्र ऊबदार, हेही तिथे ठाण मांडण्याचे एक कारण होतेच. आपल्याकडे गारठा नसला तरी गर्दी आहे.

हा पुरावा महाग पडतो, हे मात्र सांगायला हवे. दिवसाकाठी दोन कॉफ्या आणि एक सँडविच धरले तर सात-आठशे रुपये सहज जातात. महिन्यात वीस दिवस असे गेले की पंधरा हजार! याहून कमी पैशांत सामायिक कार्यालयातली खुर्ची महिनाभर भाड्याने मिळू शकते आणि तिथे फोनवर बोलायला वेगळी खोलीही असते. हा हिशेब घरात एकदा मांडून बघावा. पुष्कळांनी तो मांडलेलाच नसतो, कारण पैसे रोज थोडेथोडे जातात.

कॅफेवाल्याचाही हिशेब आहे. चार खुर्च्यांच्या टेबलावर एक माणूस चार तास बसला तर तिथे तेवढ्या वेळात बसू शकले असते असे तीन-चार कंपू माघारी जातात. बंगळुरूत कॉफी पिण्याच्या जुन्या रीती दोन. दर्शिनीत उभ्याने फिल्टर कॉफी प्यायची, दोघांत एक ‘बाय-टू’ घ्यायची आणि पाच मिनिटांत वाटेला लागायचे. नाहीतर सेंट मार्क्स रोडवरच्या कोशीजमध्ये किंवा इंडिया कॉफी हाउसमध्ये निवांत गप्पा मारत बसायचे. (हे कॉफी हाउस २००९ मध्ये एम. जी. रोडवरची जुनी जागा सोडून चर्च स्ट्रीटला गेले, तेव्हा जुनी गिऱ्हाइके फार हळहळली होती.) तिसरी रीत १९९६ मध्ये आली. व्ही. जी. सिद्धार्थ यांनी ब्रिगेड रोडवर पहिले कॅफे कॉफी डे उघडले. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. तिथे कॉफीबरोबर इंटरनेट मिळे आणि तेही पैसे मोजून. गिऱ्हाइकाला ठाऊक असे की आपण नुसती कॉफी नाही, वेळही विकत घेत आहोत. पुढे इंटरनेट फुकट झाले, वेळ मोजणे बंद पडले आणि त्याची किंमत गुपचूप कॉफीच्या दरात जाऊन बसली. दर्शिनीतल्या वीस-पंचवीस रुपयांच्या कॉफीच्या जागी अडीचशे रुपये लागतात ते काही नुसत्या बियांचे नव्हेत. एवढे देऊनही चार तासांचे भाडे फिटत नाही, म्हणून काही कॅफेंनी वायफायला वेळेची मर्यादा घातली आहे, तर काही जण सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप नको म्हणून सांगतात. त्यांना दोष देता येत नाही.

तेव्हा तुमच्या घरातले कुणी असे बसत असेल, किंवा या थंडीत पाहुणे म्हणून जाऊन बसणार असेल, तर काही गोष्टी आधीच ठरवलेल्या बऱ्या. सकाळी अकरापर्यंत आणि दुपारी तीन ते पाच कॅफे बहुधा रिकामे असते, ती वेळ धरावी. जेवणाच्या वेळी टेबल सोडावे, निदान दोन माणसांच्या टेबलावर सरकावे. बंगळुरूत ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’ म्हणतात, म्हणजे जरा सांभाळून घ्या. ते गिऱ्हाइकालाही लागू आहे. दीड-दोन तासांनी काहीतरी मागवावे. फोनवर पगार, ग्राहकांची नावे, पासवर्ड असले काही बोलू नये, शेजारच्या टेबलावर कोण बसले आहे ते ठाऊक नसते. बँकेचे व्यवहार कॅफेच्या वायफायवर न करता स्वतःच्या मोबाइलच्या इंटरनेटवर करावेत. कॅफेच्या बुटक्या टेबलावर सलग आठ तास वाकून बसल्यावर पाठ काय म्हणते, ते तिशीत कळत नाही, चाळिशीत कळते.

नुसते वाचायचे किंवा लिहायचे काम असेल तर कब्बन पार्कमधले लाल रंगाचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. तिथे कॉफी नाही, फोनवर बोलता येत नाही आणि तासाचे पैसेही पडत नाहीत.

आणि घरातल्या घरात करून बघण्यासारखा एक उपाय आहे. ती काम करते त्या खोलीचे दार साडेनऊ ते एक बंद राहील आणि त्या वेळात बेल वाजली तर दार दुसरे कुणीतरी उघडेल, एवढे ठरवायचे. आठवडाभर हे जमले, तर पुढच्या आठवड्यात ती कॅफेत किती वेळा गेली ते मोजून पाहावे.