हातकड्या घालून घेणारा सुपरमॅन

'मॅन ऑफ स्टील'चं नाव काढलं की अजूनही लोक नाक मुरडतात. २०१३ चा सिनेमा, दिग्दर्शक झॅक स्नायडर, सुपरमॅन झालेला हेन्री कॅव्हिल. तक्रारी ठरलेल्या: विनोद नाही, हिरो सदा गंभीर, शहर जमीनदोस्त होतं आणि सुपरमॅन चक्क खलनायकाची मान मोडतो.

शेवटची मारामारी फार लांबलीय, हे मान्य. बाकीचं मला पटत नाही.

सुपरमॅन १९३८ पासूनचा. उडत आला, वाचवलं, हसून निघून गेला, ही त्याची ओळख. पण एवढी ताकद असलेल्या परक्यावर लोकांनी विश्वास का ठेवायचा? स्नायडरने हाच प्रश्न मध्यभागी ठेवला. म्हणून कॅन्ससमधला शेतकरी बाप पोराला ताकद लपवायला शिकवतो. पोरगं बुडत्या स्कूलबसमधली मुलं वाचवतं, तर बाप घाबरतो. मग मरू द्यायचं होतं का, असं विचारल्यावर म्हणतो, कदाचित. या एका शब्दावर लोक चिडले. मला तो खरा वाटला. पोर गमावण्याची भीती असलेला बाप असाच अडखळेल.

आता मान मोडण्याचं. १९८० च्या 'सुपरमॅन टू'मध्ये शक्ती गेलेल्या झॉडला सुपरमॅन खोल खाईत फेकतो, तेही हसतखेळत. इथे झॉड एका कुटुंबाला जाळायला निघालाय, दुसरा इलाज उरत नाही. आणि मारल्यावर हा गुडघ्यावर कोसळून ओरडतो. मारण्याची किंमत इथे दिसते.

पण खरा सिनेमा हातकड्यांच्या प्रसंगात आहे. झॉड धमकी देतो, त्याला आमच्या ताब्यात द्या. हा स्वतःहून लष्करापुढे हजर होतो आणि हातकड्या घालून घेतो. एका झटक्यात तुटतील, हे त्यालाही माहीत. तरी घालतो, कारण त्याने समोरच्यांची भीती कमी होते.

मी तालुक्याच्या गावात बातम्या लिहितो. इथे साधं पद मिळालं की माणूस प्रश्न विचारणाऱ्यावर खेकसतो. आणि आपणही कमी नाही. तारणहार हवा म्हणतो, वर त्याला नियम कशाला, असंही आपणच म्हणतो.

हा सुपरमॅनही शेवटी पाळतीवरचं ड्रोन पाडतोच. बरोबर की चूक, यावर खुशाल वाद घाला. पण ज्याच्या हातात ताकद, त्यानेच आधी हात पुढे करायचे, हे सांगणारा सिनेमा 'फसला' म्हणून अडगळीत टाकू नका. एकदा परत बघा, मग बोलू.