संत्र्याचं मूळ जंभेरीचं

डिसेंबरात नागपुरात दोन आवका एकदमच सुरू असतात. कळमन्याच्या बाजारात आंबिया बहाराचा संत्रा उतरतो आणि 1953च्या नागपूर कराराच्या पुण्याईने गावात विधिमंडळाच्या अधिवेशनासाठी मंत्री उतरतात. अशाच एका अधिवेशनाच्या दिवसांत सीताबर्डीवर पुण्याच्या एका पाहुण्यांनी हातगाडीवाल्याला विचारलं, "संत्री कशी दिली?" तो हसून म्हणाला, "संत्रे हे घ्या जी. संत्री पायजे असन तर रविभवनच्या गेटावर जा, तिथं बंदूक घेऊन उभे हाये."

पाहुण्यांना विनोद कळायला थोडा वेळ लागला. त्यांच्याकडे एक संत्रे आणि दोन संत्री. आमच्याकडे एक संत्रा आणि दोन संत्रे. म्हणजे 'संत्रे' म्हटलं की एक की अनेक, हे बोलणाऱ्याचं गाव कळल्याशिवाय ठरत नाही. आणि मंत्र्यांच्या बंगल्यांच्या, म्हणजे रविभवनच्या, गेटावरचा संत्री तर तिसराच. तो इंग्रजी 'सेंट्री', पलटणीबरोबर आपल्याकडे आला आणि मंत्र्याशी यमक जुळतं म्हणून 'मंत्री-संत्री' या जोडीत कायमचा जाऊन बसला. यमक जुळलं, पण रक्ताचं नातं नाही. हातगाडीवाल्याला हे ठाऊक होतं. कोटी करणाऱ्याला दोन शब्द वेगळे आहेत हे माहीत असावंच लागतं. शब्दांची कुळं सांगत फिरणाऱ्या आपल्या विद्वानांना मात्र ते अनेकदा माहीत नसतं.

नागपुरात मला वारंवार भेटणारा एक सिद्धांत असा: संस्कृतात संत्र्याला 'नागरंग' म्हणतात. त्यावरून फारसी 'नारंग', अरबी 'नारंज', स्पॅनिश 'नारांहा' आणि शेवटी इंग्रजी 'ऑरेंज'. नागरंगातला नाग तोच नागपुरातला. तेव्हा जगाने संत्र्याचं नाव आमच्या गावावरून उचललं.

यातला मधला तुकडा खरा आहे, म्हणूनच सिद्धांत घातक आहे. भारतातून फारसीत, तिथून अरबीत, अरबांबरोबर स्पेनमध्ये हा प्रवास निर्विवाद आहे. पण दोन्ही टोकं कच्ची. नागपूर शहर देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शहाने वसवलं ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. संत्रा इथे आला तो त्या शतकाच्या अखेरीस, दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या काळात, औरंगाबादेहून. आणि 'नागरंग' अमरकोशात आहे, म्हणजे या दोन्ही घटनांच्या हजाराहून अधिक वर्षं आधी. नातवाने आजोबांचं नाव ठेवलं, असं म्हणण्यासारखंच हे.

बरं, गाव सोडू, नाग धरू. कोणता नाग? अमरकोशात नागरंगाच्या शेजारी 'ऐरावत' हा पर्याय बसला आहे. ऐरावत म्हणजे इंद्राचा हत्ती, आणि संस्कृतात नाग म्हणजे हत्तीसुद्धा. त्या हिशेबाने हे फळ सापाचं नसून हत्तीचं ठरतं; हत्तीने फार संत्रे खाल्ले आणि तो अजीर्णाने मेला अशी एक कथाही या शब्दाला चिकटवलेली आहे. पण नाग म्हणजे शिसंही. शिशापासून होणाऱ्या शेंदराला संस्कृतात 'नागसंभव' असं नाव आहे. मग नागरंग म्हणजे शेंदरी रंगाचं फळ, असंही म्हणता येईल, आणि खरं सांगायचं तर तिन्हींत हाच अर्थ मला सर्वांत सुंदर वाटतो. साप, हत्ती, शिसं: तिन्ही अर्थ व्याकरणात बसतात. एका कुलपाला तीन किल्ल्या लागल्या, तर मला आधी कुलपाचाच संशय येतो. बहुतेक अभ्यासकांचा कल असा की मूळ शब्द 'नारंग', तोही दक्षिणेकडच्या भाषांतून संस्कृतात आलेला. तमिळमध्ये 'नार्त्तंगाय', मल्याळममध्ये 'नारंङ' ही लिंबूवर्गातल्या फळांची नावं आजही बाजारात चालतात. त्या परक्या शब्दाला संस्कृत पंडितांनी 'नाग' आणि 'रंग' असे ओळखीचे कपडे घातले. नागरंग हे मूळ नाही, मुळाची केलेली डागडुजी आहे.

पु. ना. ओकांनी व्हॅटिकनमध्ये 'वाटिका' शोधली, ती याच हत्याराने. ध्वनी जुळला की काळ, वाट, वाहक काहीच तपासायचं नाही. अशी व्युत्पत्ती कधीच हरत नाही, कारण ती कधी परीक्षेलाच बसत नाही.

दुसरा पक्ष याच्या उलटा. त्यांना आपलं काहीच आपलं वाटत नाही. ते सांगतात, 'संत्रा' पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून आला, मोसंबी जशी मोझांबिकवरून आली. मोसंबीचं ठीक आहे. सिंत्र्याचं काय? यूल आणि बर्नेल यांच्या 1886च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात ही व्युत्पत्ती आहे खरी, पण 'बहुधा' या शब्दासकट. आमच्याकडे येईपर्यंत हे 'बहुधा' आंबिया बहाराच्या फळगळीसारखं गळून पडलं. त्याच कोशात त्याच शब्दाखाली बाबराच्या आत्मचरित्राचा दाखला आहे. हिंदुस्थानातली फळं सांगताना बाबर 'संगतरा'चं वर्णन करतो, आणि बाबर वारला 1530 मध्ये. पोर्तुगीजांनी गोवा घेतलं 1510 मध्ये. तेवढ्या वीस वर्षांत लिस्बनजवळच्या एका गावाचं नाव आग्र्यापर्यंत पोचून इतकं रुळलं, की मध्य आशियातून आलेल्या बाबराला ते हिंदुस्थानी फळाचं नाव वाटलं? मला हे पटत नाही. अभिमानी माणूस सगळं घरात ओढतो, न्यूनगंडाने ग्रासलेला सगळं घराबाहेर ढकलतो. तारखा दोघेही पाहत नाहीत.

ध्वनी जुळला म्हणून नातं नसतं, याचा सर्वांत रोकडा दाखला हॉलंडचा. त्यांचं राजघराणं ओरांजचं, फुटबॉलच्या मैदानावर प्रेक्षक नारिंगी रंगात न्हालेले. पण ते नाव आलं दक्षिण फ्रान्समधल्या ओरांज गावावरून. 1544 मध्ये ते संस्थान वारशाने या घराण्याच्या मूळपुरुषाकडे, विल्यमकडे आलं. त्या गावाचं रोमन काळातलं नाव 'आराउसिओ', फळाशी काडीचाही संबंध नसलेलं. झिजत झिजत ते फळाच्या नावासारखं ऐकू येऊ लागलं आणि घराण्याने रंग उचलला. गंमत म्हणजे खुद्द डच भाषेत या फळाला म्हणतात 'सिनासआपल', चिनी सफरचंद. आणि अरब? ज्यांनी 'नारंज' पश्चिमेला नेलं, तेच आता गोड फळाला 'बुर्तुकाल' म्हणतात. म्हणजे पोर्तुगाल! एकाने चीन पाहिला, दुसऱ्याने पोर्तुगाल. माल ज्याच्या गाडीवरून आला, त्याचं नाव मालाला.

आणि खरं नातं कुठे असतं, तर जिथे कान अजिबात साक्ष देत नाही तिथे. वनस्पतिशास्त्रात आपला संत्रा 'मँडरिन' गटातला. सालपट सैल, फोडी सुट्या. हा 'मँडरिन' कोण? चिनी दरबारातल्या अंमलदारांना पोर्तुगीज 'मांदारिम' म्हणत. तो शब्द त्यांनी मलयमधल्या 'मंतेरी'वरून घेतला, हुकूम करणे या अर्थाच्या त्यांच्या 'मांदार' क्रियापदाने त्याला थोडं वळण दिलं. आणि मलय 'मंतेरी' म्हणजे संस्कृत 'मंत्रिन्'. आपला मंत्री! तेव्हा रविभवनच्या गेटावर उभ्या असलेल्या संत्र्याचं फळाशी काही नातं नाही. आतल्या बंगल्यात झोपलेल्या मंत्र्याचं आहे. हे मी त्या हातगाडीवाल्याला सांगायला हवं होतं.

आता मुख्य प्रतिपक्ष, कारण वरचे दोघे त्याचीच पोरं आहेत. तो म्हणतो: शब्दाचा खरा अर्थ म्हणजे त्याचा मूळ अर्थ. कूळ सापडलं की अर्थ सापडला, आणि मालकीही. माझं म्हणणं, हा माणूस कधी संत्र्याच्या रोपवाटिकेत गेलेला नाही. शेंदूरजना घाटला जाऊन पाहा. जमिनीत जे मूळ असतं ते जंभेरी या आंबट लिंबाचं. जंभेरीचा खुंट वाढवायचा, त्यावर संत्र्याचा डोळा बांधायचा, डोळा फुटला की वरचा खुंट छाटायचा. वरूड-मोर्शी असो की काटोल-नरखेड, बागांतली बहुतेक झाडं अशी कमरेखाली वेगळ्या जातीची आहेत. 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते फळाला. मुळाचा दाखला कुणी मागितला नाही.

शब्दांचंही असंच चालतं. मूळ पाणी शोषतं, पण कोणतं फळ धरायचं हे वर बांधलेला डोळा ठरवतो, आणि तो डोळा बोलणाऱ्यांनी बांधलेला असतो. 'संत्रा' हे आज विदर्भात फळ आहे, बर्फी आहे, पडलेला किंवा चढलेला भाव आहे, बुडालेलं कर्ज आहे. देशी दारूच्या दुकानात तो बाटलीवरचा एक प्रकार आहे. यातला एकही अर्थ बाबराकडे नव्हता, अमरकोशकार अमरसिंहाकडे तर नव्हताच. हे सगळे अर्थ आमचे, कमावलेले.

यावर कुणी दीक्षाभूमीकडे बोट दाखवेल. 15 ऑक्टोबर 1956च्या भाषणात बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षेसाठी नागपूर का निवडलं हे सांगताना बौद्ध धर्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचा उल्लेख केला होता, नाग नदीचाही. मग तेही मुळाचाच शोध घेत नव्हते का? मला तसं वाटत नाही. त्यांनी ध्वनीवरून मालकी सिद्ध केली नाही. एका लोकसमूहाच्या इतिहासाबद्दल विधान केलं, ज्याची चर्चा पुराव्यांनी करता येते. आणि त्याहून मोठं म्हणजे, आदल्या दिवशी लाखोंच्या साक्षीने त्या जुन्या नावावर नवा डोळा बांधला गेला होता. नाव गोंडांच्या वेळचं, नदी त्याहून जुनी, पण आज जगभरातले लोक 'नागपूर' म्हणताना जे मनात आणतात, ते त्या ऑक्टोबरात फुटलेलं आहे. याला मी मूळशोध म्हणत नाही. डोळा बांधणं म्हणतो.

व्युत्पत्ती निरुपयोगी आहे, असं मी म्हणत नाही. खुंट कशाचा हे माळ्याला माहीत हवंच. कोणत्या जमिनीत टिकेल, कोणत्या रोगाला बळी पडेल, ते खुंटावर अवलंबून असतं. फक्त खुंटाला फुटू देऊ नये. काटोलकडे माझ्या मामांच्या बागेत एक झाड होतं, दोनतीन वर्षं कुणी लक्ष दिलं नाही. खुंटावरचे फुटवे काढायचे राहिले, ते उंच गेले, डोळ्यावरची फांदी त्यांच्या सावलीत वाळली. झाड मात्र असं हिरवंगार, काटेरी, जोमदार, की बांधावरून जाणारा थांबून कौतुक करायचा. मी एकदा फळ तोडून चाखलं आणि थुंकलो. मामा म्हणाले, "खुंटानं डोळ्याले खाल्लं, बापा. आता ते लोणच्यालेच कामाचं."