बेलिझचा किनारा : सौंदर्य, कर्ज आणि सीमावाद

मध्य अमेरिकेच्या नकाशात मेक्सिकोच्या खाली आणि ग्वाटेमालाच्या पूर्वेला कॅरिबियन समुद्रालगत एक अरुंद पट्टी दिसते. हा बेलिझ. मध्य अमेरिकेतील सात देशांपैकी पॅसिफिक महासागराचा किनारा नसलेला हा एकमेव देश, आणि इंग्रजी ही राजभाषा असलेलाही एकमेव. 1973 पर्यंत तो ‘ब्रिटिश होंडुरास’ या नावाने ओळखला जाई. 21 सप्टेंबर 1981 रोजी तो स्वतंत्र झाला. क्षेत्रफळ सुमारे 23 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या सहापट. लोकसंख्या मात्र अवघी चार लाखांच्या आसपास. आपल्याकडील एखाद्या मध्यम महानगरपालिकेच्या हद्दीतही याहून अधिक माणसे राहतात.

पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींत बेलिझ म्हणजे ‘ग्रेट ब्लू होल’. विमानातून टिपलेले गडद निळ्या वर्तुळाचे छायाचित्र बहुतेकांनी पाहिलेले असते. लाइटहाउस रीफच्या मधोमध असलेले हे विवर सुमारे 300 मीटर रुंद आणि 120 मीटरांहून अधिक खोल आहे. हिमयुगात समुद्राची पातळी खूप खाली होती, तेव्हा ही चुनखडीची कोरडी गुहा होती. पुढे तिचे छत कोसळले आणि पाणी वर चढले. पाण्याखाली आजही गुहेतील लवणस्तंभ लोंबताना दिसतात. फ्रेंच सागरसंशोधक जाक कूस्तो यांनी 1971 मध्ये येथे मोहीम काढल्यानंतर जगभरच्या पाणबुड्यांची रीघ लागली. मात्र या देशाच्या किनाऱ्याचे खरे वैभव त्या विवरात नाही. ते किनाऱ्याला समांतर पसरलेल्या प्रवाळभिंतीत आहे.

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पापासून होंडुरासपर्यंत गेलेल्या सुमारे एक हजार किलोमीटर लांबीच्या प्रवाळरांगेपैकी जवळजवळ 300 किलोमीटरचा भाग बेलिझच्या वाट्याला आला आहे. ऑस्ट्रेलियाच्या ‘ग्रेट बॅरिअर रीफ’नंतर हिचाच क्रमांक लागतो. खुल्या समुद्राच्या लाटा या भिंतीवर फुटतात, त्यामुळे आतल्या बाजूचे पाणी उथळ आणि शांत राहते. या शांत पाण्यात शेकडो लहान बेटे विखुरलेली आहेत. बेटाला येथे ‘की’ म्हणतात. उत्तरेकडील अँबरग्रिस की आणि त्यावरील सॅन पेद्रो हे गाव हॉटेलांनी गजबजलेले आहे. शेजारचे की कॉकर त्यामानाने स्वस्त आणि निवांत. दक्षिणेला प्लासेन्सिया गावापुढच्या समुद्रात मार्च ते जून या महिन्यांत, पौर्णिमेच्या सुमारास मासे अंडी घालण्यासाठी गोळा होतात आणि ती खाण्यासाठी देवमुशी येतात. फेब्रुवारी ते मे हे कोरडे महिने प्रवासाला सोयीचे. जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ. वादळाचा धसका येथे नवा नाही. 1961 मधील ‘हॅटी’ वादळाने बेलिझ सिटीची वाताहत केली, आणि त्यानंतर राजधानीच किनाऱ्यापासून आत, बेलमोपानला हलविण्यात आली.

दक्षिण किनाऱ्यावरील डँग्रिगा आणि हॉपकिन्स ही गॅरिफुना समाजाची गावे. आफ्रिकी आणि कॅरिबियन मूलनिवासी वंशांच्या मिश्रणातून आलेल्या या समाजाची भाषा, नृत्य व संगीत यांना 2001 मध्ये युनेस्कोने मान्यता दिली. याशिवाय क्रिओल, माया, मेस्तिसो, मेनोनाइट असे अनेक समाज येथे नांदतात. भारतीय वाचकाला विशेष वाटावी अशी एक गोष्ट म्हणजे उत्तरेकडील कोरोझाल जिल्ह्यात ‘कलकत्ता’ नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उसाच्या मळ्यांवर आणलेल्या भारतीय मजुरांचे वंशज तेथे आणि दक्षिणेतील टोलेडो जिल्ह्यात राहतात. भाषा गेली, धर्मही बहुतेकांचा बदलला. स्वयंपाकघरात हळद तेवढी उरली.

या निसर्गाची किंमत देशाने काय म्हणून मोजली, हे समजून घेणे पर्यटकालाही आवश्यक आहे. 2005 मध्ये बेलिझच्या भूभागावर खनिज तेल सापडले आणि सरकारची नजर समुद्राकडे वळली. समुद्रातील तेलशोधाचे हक्क परदेशी कंपन्यांना देण्यात आले होते. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरीचा भीषण अपघात झाला, तेव्हा किनारपट्टीवरील मच्छीमार आणि पर्यटन व्यावसायिक हादरले. सार्वमताच्या मागणीसाठी सह्यांची मोहीम झाली. पुरेशा सह्या वैध नाहीत, असे सांगून सरकारने ती नाकारली. तेव्हा फेब्रुवारी 2012 मध्ये कार्यकर्त्यांनी स्वतःच मतदान घेतले. त्यात 96 टक्के लोकांनी समुद्रातील तेल उत्खननाविरुद्ध कौल दिला. या मतदानाला कायद्याचे बळ नव्हते, पण राजकारण्यांना तो इशारा पुरेसा होता. 2013 मध्ये न्यायालयाने समुद्रातील तेलशोधाचे करार रद्दबातल ठरविले. अखेर 2017 च्या डिसेंबरात संसदेने सागरी तेल उत्खननावर स्थगितीचा कायदा केला. जागतिक वारसा यादीत 1996 मध्ये आलेली, आणि 2009 पासून ‘धोक्यातील वारसा’ ठरलेली ही प्रवाळभिंत 2018 मध्ये त्या धोक्याच्या यादीतून बाहेर पडली.

तेल सोडले म्हणून कर्ज सुटले नाही. 2019 मध्ये सुमारे पाच लाख मुक्कामी पर्यटक आणि क्रूझ जहाजांतून 11 लाखांहून अधिक प्रवासी बेलिझला आले होते. पुढच्याच वर्षी कोरोनाने हा ओघ थांबविला आणि परकीय कर्जाचे हप्ते फेडणे अवघड झाले. नोव्हेंबर 2020 मध्ये सत्तेवर आलेल्या जॉनी ब्रिसेन्यो यांच्या सरकारने मग एक वेगळा सौदा केला. ‘द नेचर कन्झर्व्हन्सी’ या अमेरिकी संस्थेच्या मध्यस्थीने 2021 मध्ये बेलिझने 55.3 कोटी डॉलरचे जुने कर्जरोखे डॉलरला 55 सेंट या भावाने परत घेतले. त्यासाठी 36.4 कोटी डॉलरचे नवे कर्ज उभारण्यात आले. बदल्यात 2026 पर्यंत आपल्या सागरी क्षेत्राचा 30 टक्के भाग संरक्षित करण्याचे आणि वीस वर्षांत संवर्धनावर सुमारे 18 कोटी डॉलर खर्च करण्याचे वचन सरकारने दिले. ठरलेले टप्पे चुकले तर अधिक रक्कम भरावी लागते.

सौदा फायद्याचा होता, यात शंका नाही. एवढ्या लहान देशाला ऋणकोंच्या बाजारात एवढी सवलत क्वचितच मिळते. तथापि आपल्या समुद्रात कोठे मासेमारी करावयाची आणि कोठे नाही, हा निर्णय परकीय कर्जकराराच्या वेळापत्रकाशी बांधला गेला, हेही खरे. ज्या मच्छीमारांनी 2010 मधील ट्रॉलिंगबंदी आणि 2020 मधील गिलनेटबंदी पाहिली, त्यांना संरक्षणाचा अर्थ आधी निर्बंध असा कळतो. उत्पन्न मागाहून आले तर येते.

पर्यटनाच्या पैशाचेही तसेच. मुक्कामी पर्यटक बोटवाल्याला, वाटाड्याला, खानावळीला पैसे देतो. क्रूझचा प्रवासी काही तासांसाठी उतरतो. बेलिझ सिटीपुढील पाणी इतके उथळ आहे की मोठी जहाजे दूर नांगर टाकतात आणि लहान बोटींतून माणसे किनाऱ्यावर आणली जातात. म्हणून नवे क्रूझ बंदर बांधण्याचे प्रस्ताव पुन्हा पुन्हा पुढे येतात, आणि त्यासाठी समुद्रतळ उपसावा लागणार असल्याने वादही होतात. जमीनखरेदीवर परदेशी नागरिकांना येथे फारशी आडकाठी नाही; बेटांवरील जागा परदेशी निवृत्तांच्या हाती जात आहेत. हॉटेल उभे करताना खारफुटी तोडली, की माशांच्या पिलांचा आसरा जातो आणि गाळ थेट प्रवाळावर बसतो. त्यातच 2019 पासून प्रवाळांचा ऊतकनाशक रोग पसरला आहे, आणि 2023 व 2024 च्या उष्ण समुद्राने जगभरातील प्रवाळांप्रमाणे येथील प्रवाळही पांढरे पडले. संरक्षित क्षेत्राची कोणतीही रेषा पाण्याचे तापमान अडवू शकत नाही.

या किनाऱ्याच्या मालकीचा प्रश्नही निकाली निघालेला नव्हता. ब्रिटन आणि ग्वाटेमाला यांच्यातील 1859 च्या तहाने सीमा आखली. तहातील रस्त्याची अट पाळली गेली नाही म्हणून तो तह आपल्याला बांधील नाही, असे ग्वाटेमाला पुढे म्हणू लागला. 1991 मध्ये त्याने बेलिझला मान्यता दिली, पण सुमारे निम्म्या भूभागावरील दावा सोडला नाही. वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे न्यावा काय, यावर ग्वाटेमालाने 2018 मध्ये आणि बेलिझने 2019 मध्ये सार्वमत घेतले. ग्वाटेमालात 96 टक्क्यांच्या आसपास होकार मिळाला. बेलिझमध्ये अवघा 55 टक्के. ज्यांच्याकडे जमीन आहे, त्यांनाच ती पणाला लावण्याची भीती वाटणार. जून 2019 मध्ये खटला न्यायालयापुढे गेला.

दक्षिण टोकाला सॅपोडिला की हा बेटांचा पुंजका आहे. पांढरी वाळू, नारळीची झाडे, आणि जागतिक वारसा यादीतील सात स्थळांपैकी एक असा मान. ग्वाटेमालाच्या दाव्यात ही बेटे येतात आणि होंडुरासच्या राज्यघटनेतही त्यांचे नाव आहे. 16 नोव्हेंबर 2022 रोजी बेलिझने त्यांच्यासाठी होंडुरासविरुद्ध हेगमध्ये स्वतंत्र खटला दाखल केला. पर्यटकांच्या बोटी तेथे पुंता गोर्दा आणि प्लासेन्सियाहून जातात, आणि बेटावर उतरण्याचे शुल्क बेलिझच्या चलनात घेतले जाते.