पंडितेची विद्वत्ता

यंदाच्या अंकासाठी ‘शहाणपण’ हा विषय ठरला तेव्हा बैठकीत एकाने आक्षेप घेतला. ख्रिस्ती शिकवणीत जगाच्या शहाणपणाला मूर्खपणाच म्हटले आहे, मग या अंकात तिला कुठे बसवणार? आक्षेप निराधार नव्हता. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल तसे स्पष्टच सांगतो. ग्रीकांना हसू यावे असा वधस्तंभ त्याला देवाचे ज्ञान वाटतो, आणि ते उमगते ते पवित्र आत्म्यामुळे, वक्तृत्वाने नव्हे.

पण हे लिहिणारा पौल अडाणी नव्हता. तो तार्सचा, यरुशलेमेत गमलियेलासारख्या नामांकित गुरूजवळ शिकलेला. अथेनैत अरीयपगापुढे बोलताना ग्रीक कवींचे दाखले देणारा. करिंथच्या मंडळीवर तो चिडला त्याचे कारण पत्रातच आहे. तिथे तट पडले होते. कोणी स्वतःला पौलाचा म्हणवी, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. आपापल्या गुरूच्या थोरवीवर लोक फुशारकी मारत होते. (आपल्या साहित्यवर्तुळात चार दिवस काढलेल्याला हे चित्र ओळखीचे वाटावे.) पौलाचा राग या फुशारकीवर आहे, अक्षरओळखीवर नाही.

ही शिकवण महाराष्ट्रात कोणी जगून दाखवली, असे विचाराल तर मी पंडिता रमाबाईंचे नाव घेईन. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. पत्नीला संस्कृत शिकवल्याबद्दल समाजाचा रोष ओढवून घेणाऱ्या अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या आधी ख्रिस्ती झालेले पंडित नेहेम्या गोऱ्हे यांच्या युक्तिवादाचाही त्या निर्णयात वाटा होता. पुढे 1907 सालच्या आत्मकथनात त्यांनी लिहिले, की त्या वेळी धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी आठ वर्षे लागली. मत पटले म्हणून त्यांनी धर्म स्वीकारला होता, आणि पटणे पुरेसे नाही हे त्यांना धर्माच्या आत राहूनच कळले. इतक्या मोठ्या विदुषीने असे लिहून ठेवावे, याला धाडस लागते.

मात्र बुद्धी देवापुढे ठेवली म्हणजे ती धर्मगुरूंच्या हवाली केली, असे त्यांनी कधी मानले नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार 1977 साली पुस्तकरूपाने आला. तो वाचताना आज्ञाधारक शिष्या कुठे दिसत नाही. चर्चची मतप्रणाली जशीच्या तशी मान्य करावी, असा आग्रह होता. भारतातल्या पुरोहितांचे जोखड नुकतेच उतरवून आल्यावर आता दुसरे मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे उत्तर रमाबाईंनी दिले. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला बिशप मंडळींनी हरकत घेतली, तेव्हाही त्या भांडल्या. देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसाचे शहाणपण हेदेखील माणसाचेच, एवढे त्यांना नेमके ठाऊक होते. आजच्या कुठल्याही धर्मातल्या भाविकाने इथे थोडे थांबावे असे मला वाटते, कारण श्रद्धेच्या नावाखाली आपण पुष्कळदा कोणा बाबाच्या किंवा पाद्र्याच्या मतालाच शरण गेलेलो असतो.

रमाबाईंनी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पैशासाठी देवावर भिस्त ठेवण्याची त्यांची रीत होती. हिशेबी माणसाला ती बेजबाबदार वाटेल. मलाही थोडी वाटते. पण 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींसाठी तिथे विहिरी खणल्या गेल्या, शेती उभी राहिली, विणकाम आणि छपाई शिकवली गेली. प्रार्थना झाली म्हणून खोदकाम थांबले नाही. विद्वत्तेचे काय झाले, तेही तिथेच दिसते. शब्दांवर प्रभुत्व असलेल्या या बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली आणि अख्ख्या बायबलचे मराठी भाषांतर एकटीने हाती घेतले, तेही जेमतेम वाचता येणाऱ्या बायकांना कळावे म्हणून. साहित्यिक मराठीच्या चाहत्याला ते रुचेलच असे नाही. पण त्याच्यासाठी ते केलेलेच नव्हते. छपाई मुक्तीच्या छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. पुस्तक 1924 मध्ये बाहेर आले.

इथवर सगळे गोमटे आहे. अडचण 1893 सालची आहे. रमाबाईंनी विधवा मुलींसाठी काढलेले शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करत आणि मुली येऊन बसत. कोणाला बोलावले नाही, कोणाला अडवलेही नाही, असे त्यांचे म्हणणे. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. हे दोघे सनातनी नव्हते, स्त्रीशिक्षणाचे विरोधक तर नव्हतेच. पोरक्या, विधवा मुलींवर ज्यांच्या आश्रयाला त्या आहेत त्यांच्या उघड्या दाराचाही दाब पडतो, ही शंका मला आजही रास्त वाटते. रमाबाईंना मात्र आपण ज्यावर जगतो ते दार लावून लपवणे म्हणजे खोटेपणा वाटला. आतला आवाज एकीकडे, चारचौघांत दिलेला शब्द दुसरीकडे, आणि मधे मुली. माझा कल रानड्यांकडे झुकतो. या अंकातल्या एका लेखिकेने अगदी उलट बाजू घेतली आहे आणि तिचा लेख आम्ही एक ओळही न कापता छापला आहे. पान उलटा आणि आधी तोच वाचा.