फळी फुकटची, पण कुठली?

थिनिंगच्या कामातून आज जरा उसंत मिळालीय, तर औषधं-खतं बाजूला ठेवून खाण्याचा विषय घेतो. शेवटी गाडी बागेवरच येणार आहे, पण आधी मासा.

दिवाळीत पुण्याचा पुतण्या आला तो येताना चार लाकडी फळ्या घेऊन आला. पाऊण इंच जाड, हातभर लांब. म्हणे, "काका, यावर मासा भाजतात." किंमत विचारली तर चार फळ्यांचे नऊशे रुपये! मी म्हणलं, अरे बाबा, जळायच्या लाकडाला नऊशे? तो म्हणाला, हे साधं लाकूड नाही, अमेरिकेतलं सीडर आहे. तिकडे वायव्य किनाऱ्यावर जे मूळचे लोक राहतात ते पिढ्यानपिढ्या सॅमन मासा असा लाकडाला धरून आगीजवळ भाजत आलेत, त्यांचं बघून बाकीच्यांनी उचललं. चांगलंय. पण त्या लोकांनी लाकूड विकत आणलं नव्हतं, दारात जे झाड होतं तेच वापरलं. मग आपण दुसऱ्याच्या दारातलं झाड कशाला मागवायचं?

तरी आणलंच होतं तर केलं. शेततळ्यातला दीड किलोचा कटला काढला, मधून चिरला, हळद-तिखट-लसूण-मीठ लावून तासभर ठेवला. फळी दोन तास पाण्यात बुडवली. ती वर तरंगते, म्हणून तिच्यावर दगड ठेवायचा. बाभळीच्या लाकडाचा आर पडू दिला. जाळ बिलकुल नको, नुसते निखारे. दोन बाजूंना दोन विटा, त्यावर फळी, फळीवर मासा कातडीची बाजू खाली करून, आणि वरून घमेलं पालथं. झालं. खालून फळी करपते, वरून ओली असते म्हणून वाफ धरते, आणि तो धूर घमेल्यात कोंडून माशाला लागतो. कडा पेटायला लागल्या की हाताने पाणी शिंपडायचं. वीस-पंचवीस मिनिटांत मासा काट्यावरून सुटला. उलटायचा नाही, तेल नाही, चिकटणं नाही. आमच्या सौ. सहसा कुणाच्या स्वयंपाकाला बरं म्हणत नाहीत, त्या म्हणाल्या, "लागतंय बरं का."

खरं सांगतो, मलाही आवडलं. त्यामुळे फळ्या संपल्यावर पुन्हा करावं वाटलं. पण नऊशे रुपये घालून नाही.

बांधावर वादळात मोडलेली जांभळाची फांदी वर्षभर वाळत पडली होती. तालुक्याच्या सॉ मिलवर नेली, त्याने सात फळ्या पाडून दिल्या आणि ऐंशी रुपये घेतले. चहा मीच पाजला. एक फळी दोन-तीनदा चालते, अर्ध्यापर्यंत कोळसा झाली की चुलीत. जांभूळ नसेल तर पेरू, बोर, चिंच, जे लाकूड घट्ट आहे आणि ज्याचं फळ आपण खातो ते घ्या. चीड घेऊ नका, राळेचा काळा धूर होतो, खाणं कडू लागतं. कडुनिंब, निलगिरीचंही तेच. कण्हेर तर नावालाही नको, ती विषारी आहे. बिब्ब्याच्या झाडाला हातसुद्धा लावू नका, अंगावर फोड येतात. निखाऱ्याला वेडी बाभूळ उत्तम. अमेरिकेत मेस्किट म्हणून पिशव्या भरून ज्याचा कोळसा भाजायला विकतात ते झाड हिच्याच जातकुळीतलं. आपण तिला शिव्या देत तोडतो.

मासा खात नाही त्यांनी भरताची वांगी चिरून ठेवावीत, नाहीतर पनीर. कणीस मात्र फळीवर ठेवू नका, ते निखाऱ्यातच चांगलं.

इथपर्यंत मजा. आता माझी चूक सांगतो.

सात फळ्याही संपल्या. एका रविवारी बहीण-मेव्हणे आले, पोरं म्हणाली फळीवरचं पाहिजे. घाईत मी औषधाच्या खोलीमागे पडलेली जुनी फळी घेतली, धुतली, भिजवली आणि वांगी ठेवली. घमेलं उचललं तर असा उग्र वास आला की डोळ्यांत पाणी. वांगी फेकली. ती फळी कशाची होती माहितीय? तुटलेल्या पॅलेटची. दहा वर्षं तिच्यावर औषधाचे डबे ठेवलेले, गळलेले, पुसलेले.

पॅलेटवर शिक्का असतो, निर्यातीवाल्यांनी बघितला असेल. गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह, आणि बाजूला इंग्रजीत अक्षरं. एचटी म्हणजे लाकूड तापवून कीड मारलेली. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. एमबीचं तर सोडाच, एचटीवरही पुढे काय काय सांडलं ते शिक्का सांगत नाही. प्लायवूडमध्ये डिंक असतो, जुन्या दारावर रंग असतो, आणि काही हिरवट खांबांना वाळवी लागू नये म्हणून तांबं, क्रोम आणि आर्सेनिक पाजलेलं असतं. ते जाळलं तर आर्सेनिक कुठे जात नाही, काही धुरात, बाकी राखेत.

मी वांगी फेकत होतो तेव्हा सुरगाण्याकडून थिनिंगला आलेल्या मावशी तिथेच उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "दादा, आमची भाकर रोज याच लाकडावर होते."

मला काही बोलता आलं नाही. खरंच होतं ते. दरवर्षी मजूर आले की मी मोठ्या मनाने सांगायचो, जळणाची काळजी करू नका, शेडमागचं सगळं लाकूड तुमचं. तुटक्या पेट्या, पॅलेट, बागेचे जुने खांब, आणि एप्रिलच्या खरड छाटणीच्या वाळलेल्या काड्या. त्याच काड्या, ज्यांच्यावर वर्षभर फवारे बसले, बोर्डो बसलं, आणि ऑक्टोबरात हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लागली. पेस्ट लावताना मी मजुरांना हातमोजे देतो, त्या दिवशी दारूला शिवायचं नाही म्हणून दम देतो. आणि तीच काडी पुढच्या हंगामात त्यांच्या चुलीत.

फ्रान्समध्ये द्राक्षाच्या काड्यांच्या निखाऱ्यावर मटण भाजतात आणि ते मोठं चवीचं समजतात. माझ्या बागेच्या काडीवर मी भाजणार नाही, आणि मग दुसऱ्यालाही भाजू देऊ नये.

हे बोललो तर गावात एक-दोघे म्हणाले, "इतकी वर्षं जळतंय, कोणाला काय झालं?" कोणी बघितलंय का काय झालं ते? चार महिने काम करून माणसं घरी जातात, पुढे त्यांच्या खोकल्याचं आपल्याला काय कळतं. खोपीला धूर जायला जागा नसते, लेकरं चुलीशेजारीच झोपतात. युरोपला माल जाताना आपण काढणीपूर्व दिवस बोटावर मोजतो, नमुना प्रयोगशाळेत जातो, रिपोर्ट येईपर्यंत झोप लागत नाही. तिकडच्या माणसाच्या घडासाठी एवढं करतो. इथे आपल्याच बागेत जी भाकर भाजली जाते तिचा नमुना कोणी काढत नाही.

खर्चाचं म्हणाल तर हिशोब दिला पाहिजे. दोन ट्रॉली बाभळीचं जळण घेतलं, तीन हजार आठशे गेले, वाहतूक धरून. निम्मी बाभूळ माझ्याच ओढ्याची होती, पण ती ओली निघाली. छाटणीच्या काड्या आता कुट्टी करून बोदावर टाकणार, ओल धरते आणि खतही होतं. पॅलेटचं लाकूड पेटवायला कोणालाच नाही. त्याचा औषधाच्या खोलीतच रॅक केलाय, तिथेच राहू दे.

शेडमागचा जुना ढीग अजून हललेला नाही, त्याचं काय करावं कळेना. तोपर्यंत समोर दोर बांधून ठेवलाय. मावशींनी काल नव्या जळणावर भाकरी केल्या, एक मला दिली. शनिवारी पुतण्या येतोय, त्याला सांगून ठेवलंय की फळ्या आणू नकोस, येताना लिंबं आण. सॉ मिलवर पेरूचं खोड देऊन आलोय.