वलीम्याचा साऊंडवाला कसा निवडावा?

लग्नाचे कापड घ्यायचे तर आमचा व्यापारी बांधव चार दुकाने पालथी घालतो. मटणाचा भाव, तांदळाचा नमुना, भटारीच्या हाताची चव, मंडपवाल्याच्या खुर्च्यांची अवस्था हे सारे तो स्वतःच्या डोळ्यांखालून घालतो. मात्र वलीम्याच्या रात्रीचा सगळा आवाज ज्याच्या हाती द्यायचा, तो माणूस फोनवर दोन मिनिटांत ठरतो. नवरदेवाच्या मित्राचा कोणी ओळखीचा असतो, त्याने सांगितलेला आकडा थोडा खाली ओढला की काम झाले. मग स्टेजवरचे बोलणे कोणाला कळत नाही, म्हातारी माणसे कानावर हात ठेवून अर्ध्या जेवणावरून उठतात, साडेदहाला पोलिसांची गाडी दाराशी उभी राहते आणि उरलेल्या पैशांवरून मध्यरात्री हमरीतुमरी होते. लगीनसराईत असे प्रसंग थोडे नाहीत. खर्च करून पाहुण्यांना मनस्ताप देण्याचा हा व्यवहार आम्हांस तरी उमगत नाही.

संगीताच्या प्रश्नावर निवाडा देणे हे या पानाचे काम नव्हे, त्यासाठी आलिम मंडळी आहेत. आमचे मत मात्र लपविण्याचे कारण नाही. निकाह गुपचूप उरकू नये, चारचौघांत जाहीर व्हावा, त्यासाठी दफ वाजवावा, हे समाजाला ठाऊक आहे. दफ आणि छातीत धडकी भरवणारे चार बेस यांतला फरक कळण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. देशात ठिकठिकाणी डीजे असलेल्या लग्नात निकाह न पढविण्याचे निर्णय स्थानिक जमातींनी व इमामांनी घेतले आहेत. म्हणून पहिली चौकशी आपल्या मशिदीच्या जमातीकडे करावी, दुसरी शादीखान्याच्या व्यवस्थापकाकडे, आणि मग साऊंडवाल्याकडे जावे. हा क्रम उलटा झाला की दिलेला विसार अडकतो.

नाचगाणे नको म्हटले तरी आवाजाची सोय लागतेच. पाचशे माणसांच्या शादीखान्यात तिलावत, खुत्बा, दुआ, नात, पाहुण्यांचे स्वागत, "जेवणाची दुसरी पंगत बसली आहे" ही सूचना, हे सर्व माईकशिवाय होत नाही. त्यामुळे खरा प्रश्न डीजे हवा की नको एवढाच नाही. आवाज सांभाळणारा माणूस जाणता आहे की नुसता पेट्या वाहून आणणारा, हे पाहावे लागते.

जाणता माणूस ओळखण्याची एक साधी रीत आहे. जो भाव सांगण्यापूर्वी हॉल पाहायला येतो, तो जाणता. तो विचारील, हॉलला पत्रा आहे की स्लॅब? महिलांची बसण्याची जागा कोठे? जेवणाची पंगत त्याच हॉलमध्ये की मागच्या अंगणात? वीज एक फेज की तीन, अर्थिंग आहे का, जनरेटर कोणाचा? आणि जो पहिल्याच वाक्यात "शेठ, इतके हजार वॅट लावतो" म्हणतो, त्याला चहा पाजून वाटेस लावावे. वॅटचा आकडा हा या धंद्यातला सर्वांत मोठा भुलभुलैया आहे. हजार वॅटच्या जागी दोन हजार वॅट लावले तर आवाज वाढतो जेमतेम तीन डेसिबल, म्हणजे कानाला कळेल न कळेल इतका. आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण दहा डेसिबल वाढावे लागतात आणि त्यास दहापट ताकद लागते. गिऱ्हाईक दुप्पट वॅट बघून दुप्पट पैसे मोजते, पदरात पडते ते एवढेच. कापडात मीटरमागे असा घाटा आपण एक दिवस तरी सोसला असता का?

पेट्या किती, यापेक्षा त्या कोठे लावल्या हे महत्त्वाचे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. म्हणून दोन अगडबंब पेट्या स्टेजजवळ ठेवून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा म्हटले की पहिल्या रांगेतील बुजुर्गांचे हाल ठरलेले. त्याऐवजी लहान लहान चार-सहा पेट्या हॉलभर वाटून हळू आवाजात लावल्या तर सर्वांना सारखे ऐकू येते. त्यातून आमच्या लग्नांत महिलांची बाजू पडद्याआड. साऊंडवाला सर्रास पडद्याला पेटी टेकवून मोकळा होतो. नाहीतर तिकडे पेटीच ठेवत नाही, म्हणजे निकाहचा खुत्बा झाला कधी हेही आयाबहिणींना कळत नाही. तान्ही मुले त्याच बाजूला असतात, हे ध्यानात ठेवून तिकडे एक लहान पेटी आणि तिचा आवाज कमी-जास्त करण्याची वेगळी सोय आधीच मागून घ्यावी. दोन कॉर्डलेस माईक असतील तर तिसरा वायरचा राखीव हवाच. सेल संपतात ते नेमके दुआच्या वेळी.

माणूस पारखायचा तर त्याचे दुसऱ्याच्या लग्नातील काम जाऊन ऐकावे. मोबाईलवरच्या चित्रफितीवर जाऊ नये, त्यात प्रत्येकाचा आवाज गोडच येतो. आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. या धंद्यात काम घेण्यास 'सुपारी घेणे' म्हणतात, आणि एकाच तारखेच्या तीन सुपाऱ्या घेऊन दोन परस्पर दुसऱ्याला देणारे महाभाग कमी नाहीत. तुम्ही बोललात एकाशी, आला त्याचा भाचा, मिक्सरवर बसला त्याचा मित्र. त्या रात्री स्वतः कोण येणार, हे कागदावर हवे.

कागदाचा विषय निघालाच आहे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, हा आदेश सूरह बकरच्या २८२व्या आयतीत आला आहे, आणि ती कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे. तरीही आमच्यात अर्धी रक्कम आज, अर्धी कामानंतर, असा व्यवहार तोंडी होतो. एक साधा कागद पुरे. तारीख, येण्याची वेळ, आवाज बंद करण्याची वेळ, सामानाची यादी, येणाऱ्या माणसाचे नाव, एकूण रक्कम, जीएसटी धरून की वेगळा, टेम्पोचे भाडे कोणाकडे, वेळ वाढल्यास तासाला किती. काय वाजवायचे आणि काय नाही तेही लिहावे, आणि यादी नवरदेवाच्या मित्रांच्या हाती न देता घरातील एका जबाबदार माणसाकडे ठेवावी. पेनड्राईव्ह घेऊन मिक्सरजवळ घुटमळणारा एक तरुण प्रत्येक लग्नात असतोच.

विसाराबाबत थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण भांडणे येथेच होतात. लग्न पुढे गेले किंवा मोडले तर दिलेला विसार बुडाला, असे साऊंडवाला म्हणतो. शरीअतच्या दृष्टीने हा सरळ मामला नाही. हनफी, मालिकी व शाफई फिकहने असा विसार जप्त करण्याची अट अमान्य केली आहे, हंबली फिकहने मान्य केली आहे. घाटावरचे आम्ही बहुतेक हनफी, कोकणी बांधव शाफई, म्हणजे दोघांच्याही जुन्या किताबांत ही अट बसत नाही. पुढे १९९३ साली इस्लामी परिषद संघटनेच्या फिकह अकादमीने ब्रुनेई येथील बैठकीत, मुदत ठरलेली असेल तर असा विसार चालेल, असा ठराव केला आणि भाड्याच्या व्यवहारासही तो लागू धरला. आमची सूचना एवढीच की दोघांनी आपापल्या आलिमांना विचारून आधीच ठरवावे. अमुक तारखेपर्यंत कळविल्यास पूर्ण परत, त्यानंतर प्रत्यक्ष झालेले नुकसान वजा करून बाकी परत, ही पद्धत कोणावर अन्याय करीत नाही. आणि साऊंडवाल्यानेच ऐनवेळी दगा दिला तर काय, ही ओळही त्याच कागदावर हवी. ती सहसा विसरली जाते.

आता कायदा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिक्षेपकास लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो वाजविण्यास मनाई आहे. बंद सभागृहातील आतल्यापुरत्या वापरास सूट आहे, उघड्या मंडपाला नाही. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ व ५५. खाजगी जागेतील आवाज तिच्या हद्दीवर या मर्यादेहून पाच डेसिबलपेक्षा अधिक जाता कामा नये. परवानगी कोणाच्या नावे काढायची हे कागदावर लिहिले नसेल तर पोलिसांसमोर यजमान साऊंडवाल्याकडे बोट दाखवतो आणि साऊंडवाला यजमानाकडे. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ईद-ए-मिलादच्या मिरवणुकीतील डीजेविषयीच्या याचिकेवर, गणेशोत्सवात जे घातक तेच ईदलाही घातक, अशा आशयाचे मत दिले. त्यात गैर ते काय?

गाण्यांच्या हक्काचे पैसे मागितले जातात, त्याबद्दलही माहिती असावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात धार्मिक समारंभातील वादनाला सूट आहे आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभ त्यात धरले आहेत. केंद्राच्या उद्योग विभागाने जुलै २०२३ मध्ये तशी जाहीर सूचनाही काढली. मात्र गोवा सरकारचे त्याच स्वरूपाचे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये रद्द केले. कलम जागेवर आहे, वाद चालू आहे. हॉटेलवाल्याने रक्कम मागितलीच तर ती कोणी द्यायची, हे आधी ठरवावे.

आता दोन शब्द आमच्या साऊंडवाल्या बांधवांना. वायरमन, वेल्डर, पेट्या बनवणारे सुतार, टेम्पोवाले असे आमचे बरेच तरुण या धंद्यावर पोट भरतात. आवाजाची कारागिरी आम्हांस परकी नाही. मिरजेच्या शिकलगारांनी शस्त्रांना धार लावण्याचे काम सोडून सतार-तंबोऱ्याची कला उभी केली आणि तिला देशभर नाव मिळवून दिले. पण आज मोठ्या पेट्यांच्या चढाओढीत पोरे व्याजाचे कर्ज काढतात. शेजाऱ्याने चार बेस घेतले म्हणून आपण सहा घ्यायचे, आणि पावसाळ्यात व मुहर्रमच्या दिवसांत पेट्या गोदामात धूळ खात असताना हप्ता भरायचा. व्याजात बरकत नाही हे वेगळे सांगायला नको, पण येथे तर साधा हिशेबही जुळत नाही. तिघांनी शिर्कतीत एक मध्यम सेट घ्यावा, चांगले माईक व चांगला मिक्सर यांवर पैसा लावावा, आणि शादीखाने, मदरशांचे जलसे, शाळांची संमेलने, सभा अशी वर्षभराची कामे धरावीत. या कामांना स्वच्छ बोलणे ऐकू आले की पुरते, छाती हादरावी लागत नाही.

कानाचाही विचार करावा. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तासांपर्यंत धोका कमी मानतात. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. हंगामात रोज रात्री पेटीजवळ उभ्या राहणाऱ्या पोरांना मालकाने कानात घालायची बोळकी द्यावीत. त्यांना फार खर्च येत नाही, आणि गेलेले कान परत येत नाहीत.

यजमानांनीही आपली बाजू सांभाळावी. उरलेली रक्कम पाकिटात घालून कामाच्या आधीच एका माणसाकडे द्यावी व सामान उतरवण्याच्या वेळी ती चुकती करावी. "उद्या दुकानावर या" म्हणू नये, कारण त्या रकमेतून हमाल पोरांची मजुरी त्याच रात्री जायची असते. आणि ती पोरे जेवली की नाही, हेही पाहावे. भटारीला माणसांचा आकडा देताना साऊंडवाल्याची चार-पाच पाने त्यात धरावीत.