सैनिकाच्या अंगावरचा कान

नागरिकांच्या रोषामुळे बासनात गेलेली कल्पना गणवेश चढवून परतली की तिला विरोध करणारे थोडेच उरतात. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संशोधन संस्थेने 2003 मध्ये ‘लाइफलॉग’ योजना मांडली. माणूस पाहतो, ऐकतो, वाचतो त्या साऱ्याची नोंद ठेवणारी ही योजना खासगीपणाच्या कैवाऱ्यांनी काहूर उठविल्यावर 2004 च्या आरंभी गुंडाळली गेली. मात्र त्याच सुमारास ‘असिस्ट’ प्रकल्प आला. गस्तीवरील जवानाच्या अंगावर ध्वनिग्राहक, कॅमेरा आणि स्थाननिदर्शक असावा, म्हणजे अहवाल केवळ स्मरणावर विसंबणार नाही, ही त्यामागची भूमिका.

तिच्यात तथ्य आहे. हेल्मंडमध्ये 2011 साली झालेल्या जखमी अफगाण बंडखोराच्या हत्येला एका ब्रिटिश मरीनच्या शिरस्त्राणावरील कॅमेऱ्यामुळेच वाचा फुटली. परंतु त्याच यंत्रात सहकाऱ्याची कुरकुर, वरिष्ठांविषयीचा शेरा आणि दारातल्या स्थानिक बाईचे बोलणेही साठते. त्यांची संमती कोण घेणार?

आपल्या पलटणींत अशी उपकरणे रुळली, तर प्रश्न अधिक बिकट होईल. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क मानला खरा. पण घटनेच्या 33 व्या कलमान्वये सैनिकांच्या हक्कांना मुरड घालण्याचा अधिकार संसदेला आहे. ध्वनिमुद्रण किती काळ ठेवायचे, शिस्तभंगाच्या कारवाईत वापरायचे की नाही, हे म्हणूनच संसदेने विचारायला हवे. लोकसभेत खात्यांच्या मागण्या अनेकदा गिलोटिन लावून चर्चेविना संमत होतात. तेव्हा ही विचारणा संरक्षणविषयक स्थायी समितीलाच करावी लागेल.